कोरड्या पायांची सभा

एका रुंद नदीच्या उगवतीला एक जंगल होते आणि मावळतीला दुसरे. उगवतीच्या जंगलात ऊन कडक, बांबू उंच, आणि तिथला वडीलधारा म्हणजे एक हत्ती. मावळतीच्या जंगलात देवदारांची गर्दी, वर्षातले कितीतरी दिवस बर्फ, आणि तिथे मान होता एका तपकिरी अस्वलाला. दोन्हीकडच्या प्राण्यांचे खाणे वेगळे, अंगावरचे केस वेगळे, झोपायच्या वेळासुद्धा वेगळ्या. नदी मात्र दोघांची एकच. वर डोंगरात तिच्या दोन शाखा होत्या, एक उगवतीकडची, एक मावळतीकडची. त्या एकत्र येत, आणि तिथून थोडे खाली, भर पात्रात, एक हिरवे बेट होते.

मुलांनो, फार पूर्वी या दोन जंगलांत युद्ध झाले होते. कुणीतरी भर पाणवठ्यावर दुसऱ्याचे नाव घेऊन त्याला चोर म्हटले, आणि मग कित्येक उन्हाळे नदीतून हाडे वाहत राहिली. शेवटी दोन्हीकडच्या थकलेल्या म्हाताऱ्यांनी ठरवले, की दर शरदात बेटावर एकत्र बसायचे आणि बोलायचे. सभेच्या रीती दोनच ठेवल्या. कुणीही दुसऱ्याचे नाव घेऊन त्याला दोष द्यायचा नाही. आणि सगळ्यांच्या माना हलल्याशिवाय काही ठरले असे मानायचे नाही. या रीतींना लगेच हसू नका. त्यांच्यामुळे पुढच्या पिढ्यांना हाडांनी भरलेली नदी कशी दिसते ते ठाऊकच झाले नाही. एवढे मोठे काम ज्या सभेने केले, तिच्याविषयी सगळ्यांना आदर होता. आदर इतका वाढला, की सभा कशासाठी भरते हे विचारणेसुद्धा उद्धटपणाचे वाटू लागले.

त्या बेटावर एक पाणमांजरी राहत असे. ती उगवतीची नव्हती आणि मावळतीचीही नव्हती, म्हणून सभेत तिला जागा नव्हती. तिच्याकडे काम होते पाहुणचाराचे. सभेसाठी ती दोन-तीन दिवस आधीपासून नदीत बुड्या मारी. मांस खाणाऱ्यांना मासे, पाला खाणाऱ्यांना कमळाचे कंद आणि शिंगाडे. यजमानिणीने वाढायचे, बोलायचे नाही, असे सगळेच धरून चालले होते.

तिचे बीळ बेटाच्या काठात होते आणि बिळाचे तोंड पाण्याखाली. हेच तिच्या पिल्लांचे कवाड, आणि हीच कडी. समोरच्या काठावर एक कोल्हा हिंडत असे. त्याला पोहता येत होते, पण पाण्याखाली डोके घालून बिळात शिरण्याची त्याची छाती नव्हती. पाणमांजरी बिनघोर होती. तिच्या पिल्लांत सगळ्यांत धाकटे होते ते पाण्याला घाबरे. मानगुटीला धरून ओढले, की दोन्ही पंजांत नदीतला एक पांढरा गोटा घट्ट धरून ते ओरडे, "आज नको! उद्या!" बाकीची भावंडे त्याला हसत. झोपतानाही तो गोटा त्याच्या पोटाशी असे.

एका उन्हाळ्यात पाणमांजरीच्या लक्षात आले, की पाणी उतरते आहे. उन्हाळ्यात ते उतरायचेच. पण पावसाळा होऊन गेला तरी ते पूर्वीच्या खुणेपर्यंत चढले नाही. शरदात एक करकोचा बेटावर उतरला. तो दरवर्षी दोन्ही जंगलांवरून उडत ये-जा करी. पाणमांजरीने त्याला गाठले.

"दादा, तुम्ही वरून सगळं बघता. पाणी जातंय कुठं?"

करकोच्याने आधी इकडेतिकडे पाहिले. मग मान खाली वाकवून तो हळूच म्हणाला, "मावळतीच्या शाखेवर बीव्हरांनी बांध घातलाय. दातांनी झाडं पाडायची आणि प्रवाहात रचायची, हाच त्यांचा धंदा. केवढं तळं केलंय! आणि उगवतीच्या शाखेला रानरेड्यांनी शिंगांनी पाट फोडलाय. सगळं पाणी त्यांच्या लोळायच्या चिखलात."

"दोघांनीही?"

"दोघांनीही. आणि दोघांनाही वाटतं, आपण घेतो ते थोडंसंच."

"मग हे सभेत सांगा ना! तुमचं ऐकतील."

"अगं बाई," करकोचा म्हणाला, "मला थंडीत एकीकडं उतरावं लागतं, उन्हाळ्यात दुसरीकडं. सांगतो. पण बेताबेतानं सांगतो."

सभा भरली. मधल्या खडकावर साळुंकी बसली होती. सगळ्यांचे म्हणणे ऐकून ठराव तयार करायचा, तो मोठ्याने म्हणायचा आणि पुढच्या वर्षापर्यंत तोंडपाठ ठेवायचा, हे तिचे काम. हत्तीने सोंड उंचावून अस्वलाला नमस्कार केला. अस्वलाने छातीवर पंजा ठेवून मान लववली. यात बराच वेळ गेला. मग करकोचा पुढे झाला.

"वरच्या अंगाला पाणी अडतंय असं दिसतं," तो म्हणाला.

"कुठं, ते सांगू नका हं," साळुंकी चटकन म्हणाली. "ठिकाण सांगितलं की नाव सांगितल्यासारखंच होतं."

"मी कुठं सांगतोय?" करकोचा म्हणाला, आणि मागे सरला.

रानरेडा शेपटीने माश्या हाकत होता. तो म्हणाला, "पाणी कमी झालं हे कशावरून? काठ उंच झाला असेल."

"आमच्याकडं तर पाणी भरपूर आहे," बीव्हर म्हणाला. "इतकं कधीच नव्हतं!"

"बघा!" रेडा म्हणाला. "आमच्याकडंही खूप आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघांनीही पटकन नजर वळवली. मुलांनो, त्या क्षणी दोघांनाही दुसऱ्याची गोष्ट कळली होती. हत्तीलाही कळली. अस्वलालाही कळली. पण रीत म्हणजे रीत. साळुंकीने ठराव म्हटला, "नदी ही आपल्या मैत्रीची साक्षीदार आहे, आणि तिच्याविषयी आपणा सर्वांना आस्था आहे. सर्वांच्या माना हलल्या का?"

सगळ्या माना हलल्या. पाणमांजरीने मासे वाढले. अस्वल खाता खाता म्हणाले, "अशी चव आमच्याकडं नाही हो!" आणि सगळ्यांना फार बरे वाटले.

पुढच्या शरदापर्यंत पाणी इतके उतरले, की बिळाच्या तोंडाचा वरचा काठ उघडा पडला. पाणमांजरीने लव्हाळे उपटून तोंडावर पसरले, वर चिखल लिंपला. तो वाळला की तडकून पडे. मग ती पुन्हा लिंपी. पलीकडच्या काठावर कोल्हा आता रोज येऊन बसू लागला. पंजांवर हनुवटी टेकून तो विचारी, "मावशी, पिल्लं बरी आहेत ना?"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही. चौकशी केली. सभा कधी आहे यंदा?"

"सभेशी तुझा काय संबंध रे मेल्या?"

"मला आवडते सभा," कोल्हा म्हणाला. "घाई नसते तिथं कुणाला. मलाही नाही."

पाणमांजरीने पिल्लांना दुसरीकडे हलवायचा विचार केला. पण बेटाचा बाकीचा काठ आधीच उघडा पडला होता, आणि दोन्ही तीरांवर दलदल पसरली होती. तिथून पिल्लांना घेऊन जायचे म्हणजे कोल्ह्याच्या पुढ्यातूनच. पाणी वाढण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. आणि पाणी वाढवणे ज्यांच्या हाती होते ते सगळे उद्या तिच्याच अंगणात जमणार होते.

सभेच्या सकाळी ती पिल्लांना म्हणाली, "आज मी बोलणार आहे. बाहेर यायचं नाही. आवाज करायचा नाही."

धाकट्याने विचारले, "मग उद्यापासून पाणी वर येईल?"

"येईल."

"मग उद्या पोहीन," असे म्हणून ते गोट्याशी खेळू लागले.

नमस्कार झाले, माना लववून झाल्या, आणि साळुंकी मागचा ठराव म्हणणार, इतक्यात पाणमांजरी मासे बाजूला ठेवून मध्ये येऊन उभी राहिली. सभेत कुजबुज झाली. यजमानीण बोलते म्हणजे काय! पण अस्वल मनाने चांगले होते. ते म्हणाले, "बोलू द्या तिला. आपण ऐकायलाच जमलो आहोत."

"मी कुणाचं नाव घेत नाही," पाणमांजरी म्हणाली. "मला रीत माहीत आहे. मला एवढंच पाहिजे, की वर जिथं कुठं बांध असेल तो फोडावा, आणि जिथं कुठं पाट असेल तो बुजवावा. ताबडतोब. माझ्या बिळाचं तोंड उघडं पडलंय. आत पिल्लं आहेत."

सभा गंभीर झाली. हत्तीच्या डोळ्यांत पाणी आले. खरेच आले, तो ढोंगी नव्हता.

"आमची काहीच हरकत नाही," बीव्हर म्हणाला. "पाट बुजला, की बांधाचं बघता येईल. म्हणजे, कुणाचा असेल तर."

"बांध फुटल्यावर पाट बुजायला कितीसा वेळ लागतो?" रेडा म्हणाला. "म्हणजे, असलाच तर."

"दोन्ही एकदम करा ना!" पाणमांजरी म्हणाली. "एका दुपारचं काम आहे!"

साळुंकीने पंख झटकले. "ताबडतोब हा शब्द ठरावात घ्यायचा का? सर्वांचं मत काय?"

"आमच्याकडं तो जरा धारदार वाटतो," अस्वल अवघडून म्हणाले. "आमच्यावर कुणी खेकसतंय असं वाटतं."

"आमच्याकडं वडीलधाऱ्यांना ताबडतोब म्हणत नाहीत," हत्ती म्हणाला. "लवकरच म्हणावं."

"लवकरच म्हणजे तारीख दिल्यासारखं होतं," बीव्हर म्हणाला.

"यथावकाश?" साळुंकीने विचारले.

"त्यात चालढकल दिसते. मला ते नको," अस्वल म्हणाले. "आपल्याला मनापासून करायचंय, ते शब्दात यायला हवं."

सूर्य डोक्यावर आला. पाणमांजरी एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत होती. तिला वाटत होते, आता एकच शब्द राहिला आहे, तो मिळाला की झाले. इथून हललो तर तो शब्दही जाईल. म्हणून ती हलली नाही. कुणीतरी भूक लागल्याचे म्हणाले. तिने माशांकडे बोट दाखवले. नाही, तिनेच वाढावे, त्याशिवाय सभेची शोभा नाही, असा आग्रह झाला. ती वाढू लागली. रेडा शिंगाडे चावत म्हणाला, "यंदा बारीक आहेत गं."

शेवटी हत्तीनेच शब्द सुचवला. साळुंकीने ठराव म्हटला, "नदीच्या पाण्याविषयी सर्व संबंधितांनी योग्य वेळी, परस्परांच्या भावनांचा आदर राखून, विचार करावा. सर्वांच्या माना हलल्या का?"

सगळ्या माना हलल्या. हत्ती आणि अस्वल एकमेकांना भेटले तेव्हा दोघेही गहिवरले होते. इतका अवघड ठराव पूर्वी कधी एकमताने झाला नव्हता.

पाणमांजरी शिल्लक राहिलेला एक मासा तोंडात धरून बिळाकडे धावली. तोंडावरचा वाळका चिखल फुटून बाजूला पडला होता. ओल्या गाळात पंजांचे ठसे होते, आत जाणारे आणि बाहेर येणारे. बाहेर येतानाचे ठसे जास्त खोल होते. बिळात तो पांढरा गोटा होता. बाकी काही नव्हते.

त्या वर्षी थंडीत करकोचा बेटावर उतरला नाही. उतरायला पाणीच नव्हते.

तिसऱ्या शरदात सभेला खूप गर्दी झाली. पूर्वी पोहून यावे लागे, म्हणून म्हातारे आणि पिल्ले घरी राहत. आता नदीच्या पात्रातून सगळे चालत येत होते. हत्तीने आपल्या नातवाला बरोबर आणले होते, अस्वलाबरोबर त्याचे बच्चे होते. वाळूत मेलेल्या शिंपल्या पायाखाली कडकड फुटत होत्या.

"पाय ओले न होता पोचलो की हो यंदा!" अस्वल आनंदाने म्हणाले.

"दोन जंगलं इतकी जवळ कधीच आली नव्हती," हत्ती म्हणाला.

"हेच ठरावात घेऊ," साळुंकी म्हणाली, आणि लगेच पाठ करू लागली, "आपल्यामधलं अंतर मिटलं आहे..."

टाळ्या वाजल्या, शेपट्या हलल्या. पण ऊन चढू लागले तसे बच्चे कुरकुरू लागले. पोहायचे नसल्यामुळे कुणी वाटेत पाणी प्यायले नव्हते. बेटावर मिळेलच, असे सगळ्यांनी धरले होते. हत्तीचा नातू आधी सोंड वाळूत खुपसून पाहत राहिला. मग आजोबांच्या पायाला टेकून बसला. मग आडवा झाला. त्याच्या तोंडाला फेस आला.

"पाणी आणा!" हत्ती ओरडला. "कुठं आहे ती यजमानीण? बाई! अगं बाई!"

पाणमांजरी आपल्या बिळाच्या कोरड्या तोंडाशी बसली होती. तिच्या अंगाची हाडे दिसत होती. ती उठली नाही.

"पाणी दे बाई. पोराचा जीव चाललाय."

"देते ना," पाणमांजरी म्हणाली. "योग्य वेळी."

सगळ्यांच्या नजरा साळुंकीकडे वळल्या.

"कुणी अडवलंय पाणी?" हत्ती म्हणाला. "सांग. आज रीत मोडली तरी चालेल. नाव घे!"

"मी कशाला घेऊ?" ती म्हणाली. "रीत दुसऱ्याचं नाव न घेण्याची होती, गजदादा. स्वतःचं घ्यायला तुम्हाला कुणी अडवलं होतं?"

 हत्तीने नातवाकडे पाहिले, मग रेड्याकडे. रेडा खाली बघत होता. "पाट आमच्याकडच्यांनी फोडलाय," हत्ती म्हणाला. "मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं."

इतकी वर्षे भरलेल्या त्या सभेत असे वाक्य पहिल्यांदाच उच्चारले गेले. आभाळ कोसळले नाही. युद्ध पेटले नाही. अस्वलाने दोन पावले पुढे येऊन मान खाली घातली. "आणि बांध आमचा आहे," ते म्हणाले.

 सर्वांच्या माना हलल्या का, हे साळुंकीने विचारले नाही. सगळे आधीच पळत सुटले होते. हत्तींनी बीव्हरांचा बांध सोंडांनी उपसला. अस्वलांनी रेड्यांचा पाट दगडमातीने बुजवला. रेडे आणि बीव्हर स्वतः लाकडे ओढत होते. ऊन कलायच्या आत पाणी सुटले. ते काम खरोखर एका दुपारचेच होते.

गढूळ लोंढा वाळू भिजवत खाली आला. हत्तीचा नातू वाचला. अस्वलाचा एक बच्चा वाचला नाही. संध्याकाळपर्यंत बेटाभोवती पुन्हा पाणी झाले. ते काठाने चढत चढत पाणमांजरीच्या बिळाशी आले, आणि बिळाचे तोंड पूर्वीसारखे पाण्याखाली गेले. आता जगातला कुठलाही कोल्हा आत शिरू शकला नसता. आत एक पांढरा गोटा पाण्याच्या धक्क्याने थोडा हलला आणि भिंतीला लागून राहिला.

पाणमांजरी कुणाला दिसली नाही. ती उगवतीला गेली की मावळतीला, हे दोन्ही जंगलांत पुष्कळ विचारले गेले. पुढच्या शरदात सभा भरली, तेव्हा तिच्या आभाराचा ठराव झाला. तो एकमताने झाला, आणि त्यातल्या एकाही शब्दावर कुणी हरकत घेतली नाही. मग सगळे वाढण्याची वाट पाहत बराच वेळ बसून राहिले.

तात्पर्य : दुसऱ्याचे नाव घेण्याने भांडण होईल अशी भीती असेल, तर आपले नाव घेऊन सुरुवात करावी, आणि ज्यांच्यासाठी बोलायला जमलो ते जिवंत आहेत तोवरच करावी.